वसतिगृहात जाण्यापूर्वीचे वर्ष : मुलावर काय सोपवावे आणि कसे

सांगली जिल्ह्यातल्या एका आईचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा सतरा वर्षांचा, नुकताच बारावीत गेलेला, अभ्यासात चांगला, पुढच्या वर्षी अभियांत्रिकीसाठी पुण्याला जाईल अशी शक्यता. मात्र सकाळी तीन हाका मारल्याशिवाय तो उठत नाही, जेवल्यावर ताट उचलत नाही आणि बँकेत कधी एकटा गेलेला नाही. चौदा वर्षांची धाकटी बहीण चहा करते, कुकर लावते, आजीच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळते. आजींचे म्हणणे, मुलाचे शिकायचे वय आहे, ही कामे काय पुढे आपोआप येतील. "वर्षभरात त्याला काय काय शिकवू, याची यादी द्या," असे या आईंनी विचारले आहे.

मी पुण्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत असताना बरीच वर्षे मुलांच्या वसतिगृहाचा रेक्टर होतो. त्यामुळे घरून नुकतीच आलेली अठरा वर्षांची मुले पहिल्या सहा महिन्यांत कुठे अडखळतात, हे मला जवळून पाहायला मिळाले. त्या अनुभवावरून सांगतो, ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुम्हीच लिहिलेल्या एका वाक्यात आहे. तुमच्या मुलीला कुकर लावायला, गोळ्यांच्या वेळा पाळायला कोणी वर्ग घेऊन शिकवले नसणार. ती कामे तिच्याकडे आली, ती झाली नाहीत तर कोणाचे तरी अडेल हे तिला दिसले आणि ती शिकली. मुलाच्या बाबतीत कौशल्यांची उणीव ही दुय्यम गोष्ट आहे. खरी अडचण ही की त्याच्या आयुष्यातल्या एकाही गोष्टीची काळजी आज त्याच्याकडे नाही. उठण्याची काळजी तुमच्याकडे, फी आणि फॉर्म वडिलांकडे, डबा आजींकडे. तो फक्त अभ्यासाचा धनी आहे, आणि त्यातलेही वेळापत्रक बहुधा क्लासने ठरवलेले असते.

खिचडी करायला माणूस एका दुपारी शिकतो, वॉशिंग मशीन लावायला दहा मिनिटे लागतात. घरात तांदूळ संपत आला आहे हे कोणी न सांगता लक्षात येण्याची सवय मात्र एका दुपारी लागत नाही. म्हणून काम सोपवताना ते आठवण ठेवण्यासकट सोपवावे लागते. "कपडे मशीनला लाव" असे तुम्ही रोज सांगणार असाल, तर त्या कामाचे डोके तुमचेच राहिले आणि हात तेवढे त्याचे झाले. "तुझे कपडे आजपासून तुझ्याकडे" असे एकदा सांगून तुम्ही गप्प राहिलात आणि एका सोमवारी त्याला चुरगळलेला शर्ट घालून क्लासला जावे लागले, तर काम खऱ्या अर्थाने त्याच्याकडे गेले.

हे सगळ्यांना एकाच मापाने लागू होत नाही, हेही सांगायला हवे. मूल अकरावीत असेल तर तुमच्या हाती दोन वर्षे आहेत. बारावीच्या जूनमध्ये असेल तर दिवाळीपर्यंतचा काळ मोलाचा आहे, कारण फेब्रुवारीपासून बोर्डाची परीक्षा आणि पाठोपाठ सीईटी सुरू झाल्यावर नव्या जबाबदाऱ्या टाकणे अन्यायाचे होईल. मुलाला एखादा दीर्घ आजार असेल, लक्ष केंद्रित होण्याची वैद्यकीय अडचण असेल किंवा घरात नुकताच काही आघात झाला असेल, तर वेग कमी ठेवावा लागतो आणि त्याबाबत डॉक्टरांचा सल्ला माझ्या सल्ल्यापेक्षा वरचा आहे. ज्या घरांत मुले आधीपासून शेतात किंवा दुकानात राबतात, त्या घरांना या उत्तराचा पहिला अर्धा भाग लागूच नाही. त्या मुलांना कामाची सवय असते, पण कार्यालयात जाऊन बोलण्याचे दडपण असते.

सुरुवात दिवसाच्या रचनेपासून करावी आणि त्यातही उठण्यापासून. वसतिगृहात सकाळी सहाला आईचा फोन येऊन जागी होणारी मुले मी पाहिली आहेत, आणि सेमिस्टरच्या मध्यावर उपस्थिती कमी भरली म्हणून ज्यांना बोलावले जाई, त्यांत ती हमखास असत. गजर त्याचा, उशीर त्याचा आणि उशिराबद्दल क्लासमध्ये ऐकून घेणेही त्याचेच. पहिले दोन आठवडे घरात चिडचिड होईल. त्यानंतर जे वळण लागते ते टिकते.

स्वयंपाकाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याचा बाऊ उगाच केला जातो. पुण्यात मेस आहेत, डबे आहेत, उपाशी कोणी राहत नाही. वरण-भात, पोहे, अंडी, चहा आणि गॅसचा रेग्युलेटर नीट बंद करणे एवढे आले की पुरे. मात्र हे शिकवायचे काम आजींकडेच द्यावे असे मी सुचवीन. "नातवाला कामाला लावले" या भावनेने त्या विरोध करत असतील, तर "तुमच्या हातची आमटी त्याला पुण्यात कोण करून घालणार, तेवढी शिकवून ठेवा" या विनंतीने तो विरोध बराच निवळतो. आणि धाकट्या मुलीचे काही काम या निमित्ताने त्याच्याकडे वळवा. घरात एकीला कामे आणि दुसऱ्याला अभ्यास अशी वाटणी असेल, तर तुम्ही तोंडाने काहीही सांगितले तरी मुले वाटणीच लक्षात ठेवतात. मुलीच्या बाजूचाही विचार करा. मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर असलेल्या माझ्या सहकारी बाई नेहमी सांगत की त्यांच्याकडे येणाऱ्या मुलींना घर चालवता येते, पण एकटीने एसटीने प्रवास केलेला नसतो आणि बँकेच्या काउंटरवर त्या वडिलांना फोन लावून देतात. म्हणजे तुमच्या मुलीचे अर्धे शिक्षणही बाकीच आहे.

आता पैसे. इथे मी जरा थांबणार आहे, कारण पहिल्या वर्षातल्या निम्म्याहून अधिक कटकटी इथून सुरू होताना मी पाहिल्या. घरून महिन्याच्या एक तारखेला पैसे येतात, फोनवरून बसल्या जागी जेवण मागवणे आणि मित्रांबरोबरचे चहा-सामोसे यांत ते झिरपतात आणि पंधरा तारखेला मेसचे पैसे द्यायचे राहिलेले असतात. मुलगा उधळ्या असतो असे नाही. संपूर्ण महिन्याची रक्कम एकरकमी हातात येण्याचा आणि ती तीस दिवसांवर पसरण्याचा प्रसंगच त्याच्यावर कधी आलेला नसतो. घरी त्याला पन्नास-शंभर रुपये मागितल्यावर मिळत असत, म्हणजे हिशेब तुमच्या मनात होता.

यावर मी सुचवतो ती पद्धत अशी. त्याच्यावर आज घर जो खर्च करते, त्यातल्या काही गोष्टी निवडा: मोबाइलचे रिचार्ज, वह्या-झेरॉक्स, केस कापणे, बसभाडे, बाहेरचे खाणे, मित्रांचे वाढदिवस. या सगळ्यांची महिन्याची बेरीज त्याच्यासमोर बसून करा आणि तेवढी रक्कम एक तारखेला त्याच्या खात्यात टाका. हा खाऊचा पैसा नव्हे, त्यात अत्यावश्यक खर्चही आहे, आणि म्हणूनच तो शिकवतो. वीस तारखेला पैसे संपले तर काय करायचे, हे आधीच ठरवून ठेवा. क्लासला जाण्याचे भाडे अडवू नये, उपाशी ठेवू नये. पण ते भाडे पुढच्या महिन्याच्या रकमेतून वळते करावे आणि भाषण देऊ नये. भाषणाने त्याला अपराधी वाटते, आणि पुढच्या खेपेला तो तुमच्याऐवजी मित्राकडे मागतो. महिन्यातून एकदा खात्याचे विवरण त्याने स्वतः वाचून दाखवावे. यूपीआयने केलेला दहा-वीस रुपयांचा खर्च हाताला जाणवत नाही, पण महिन्याच्या विवरणात त्याच्या ओळीच्या ओळी दिसतात, आणि त्या पाहून मुले स्वतःच चकित होतात.

खाते त्याच्या नावावर असावे. रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये बँकांना दिलेल्या सूचनांनुसार दहा वर्षांवरील मुलांना, बँकेने घातलेल्या मर्यादेत, बचत खाते स्वतः उघडता आणि चालवता येते. त्यामुळे सतराव्या वर्षी वडिलांच्या कार्डावर अवलंबून राहण्याचे कारण उरत नाही. अठरा पूर्ण झाल्यावर बँक नव्याने सही आणि सूचना घेते. त्या कामासाठी त्याला एकट्याला शाखेत पाठवा. काउंटरवरचे साहेब "उद्या या" म्हणाले तर त्याने "उद्या कोणते कागद घेऊन येऊ?" असे विचारून यावे, इतकेच शिकवा. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण "उद्या या" ऐकून परत येत आणि उद्याही तेच ऐकत.

अठरावा वाढदिवस झाल्यावर आणखी एक बदल होतो, ज्याकडे पालकांचे लक्ष नसते. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, व्यक्ती १८७२ च्या करार कायद्यानुसार करारास पात्र नसते. अठरा पूर्ण होताच ती पात्र होते, आणि झटपट कर्ज देणारी ॲप्स, हप्त्याने फोन विकणारे, क्रेडिट कार्डवाले सगळे तिला गिऱ्हाईक समजू लागतात. त्याहून धोक्याची गोष्ट म्हणजे "तुझे खाते दोन दिवस वापरायला दे, कमिशन मिळेल" असे सांगणारा सीनियर किंवा ओळखीचा. फसवणुकीचा पैसा अशा खात्यांतून फिरवला जातो आणि पोलीस प्रथम खातेदारापर्यंत पोहोचतात. आपले खाते, कार्ड, सिम आणि ओटीपी कोणालाही द्यायचा नाही, पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही आणि फसवणूक झालीच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर कळवायचे, या तीन गोष्टी घर सोडण्यापूर्वी त्याच्याशी मोकळेपणाने बोला. लाजेचा उल्लेख मुद्दाम केला आहे. पैसे गेल्यावर दोन दिवस गप्प राहिल्यामुळे नुकसान वाढते.

कागदपत्रांचे काम तुमच्या बाबतीत सर्वांत सोयीचे आहे, कारण बारावीच्या वर्षी ते नाहीतरी करायचेच असते. उत्पन्नाचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर आणि जात पडताळणी, ही सगळी धावपळ बहुतेक घरांत वडील रजा टाकून करतात आणि मुलगा क्लासला जातो. यातला एक तरी दाखला त्याला काढू द्या. आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज करणे, पावती जपून ठेवणे, मुदत उलटली की विचारायला जाणे, एवढे सगळे त्याने करावे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्याखाली अधिसूचित सेवांना ठरलेली मुदत असते आणि मुदतीत सेवा न मिळाल्यास अपील करता येते, हे त्याला कळले की कार्यालयात उभे राहण्याची त्याची पद्धतच बदलते. मग तो अजिजी करत नाही आणि आवाजही चढवत नाही.

दरवर्षी ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास वसतिगृहात एक प्रसंग ठरलेला असे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा असे, मुलगा संगणकासमोर बसलेला असे आणि ओटीपी जाई गावाकडे, वडिलांच्या फोनवर. वडील मोटार चालू करायला शेतात गेलेले आणि फोन घरी चार्जिंगला. हसण्यासारखे आहे, पण यात शिष्यवृत्तीची मुदत हुकलेली मुले मी पाहिली आहेत. सिम कार्ड अठरा पूर्ण होईपर्यंत स्वतःच्या नावावर मिळत नाही, हे खरे. परंतु पालकाच्या नावावरचा का होईना, जो क्रमांक कायम त्याच्याजवळ राहणार आहे तोच आधारला आणि बँक खात्याला जोडून घ्या. पंधरा वर्षांनंतरचे आधारचे बायोमेट्रिक अद्ययावत केले नसेल तर तेही करून टाका. बँक खाते आधारशी संलग्न असल्याची खात्री शाखेतून करून घ्या, कारण शिष्यवृत्ती त्याच वाटेने येते. मतदार नोंदणीही त्यालाच करू द्या. सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, आणि १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर यांपैकी ज्या अर्हता तारखेला अठरा पूर्ण होतील त्यानुसार नाव लागते.

स्वावलंबन म्हणून सतराव्या वर्षी गिअरची दुचाकी हातात देण्याचा प्रकार मात्र करू नका. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने अल्पवयीनाने गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड आहे, आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. त्याऐवजी त्याला एकट्याने पुण्याला पाठवा. तिकीट त्याने काढावे, स्वारगेटला उतरून नातेवाइकाच्या घरापर्यंतचा रस्ता त्याने शोधावा, एखादे महाविद्यालय पाहून यावे आणि परतीची गाडी चुकली तर पुढची कोणती हे त्यानेच पाहावे. अशा एका फेरीने येणारा धीर घरच्या चार उपदेशांनी येत नाही.

आजारपणाची तयारी बहुतेक घरांत शून्य असते. डॉक्टर मुलाला विचारतात, "काय होतंय?" आणि उत्तर आई देते, हे दृश्य तुम्हाला परिचित असेल. यापुढे दवाखान्यात तुम्ही शेजारी बसा, पण उत्तर त्याला देऊ द्या: ताप कधीपासून, किती, सोबत काय, कोणती गोळी घेतली. घरात थर्मामीटर वापरायला आणि ताप वेळेसह लिहून ठेवायला शिकवा. पुण्यात पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यूचे रुग्ण आढळतात. अशा तापात मनाने आयब्युप्रोफेन किंवा ॲस्पिरिन घेणे धोक्याचे असते, रक्तस्राव वाढू शकतो. पॅरासिटामॉल आणि भरपूर पाणी यांवर राहून डॉक्टर गाठावा, हे त्याला माहीत हवे. स्वतःचा रक्तगट, ॲलर्जी, विमा असेल तर त्याचा क्रमांक हे सगळे त्याच्या फोनमध्ये असावे, आणि रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही आणीबाणीसाठी ११२ हे तोंडपाठ असावे.

आतापर्यंत सांगितलेले सारे, म्हणजे उठणे, कपडे, महिन्याचा पैसा, एक तरी दाखला, एक एकट्याचा प्रवास आणि डॉक्टरांशी बोलणे, वर्षभरात सहज बसते. अभ्यासाचे दिवसाला अर्ध्या तासाहून अधिक यात जात नाही. मात्र माझ्या मते याहून महत्त्वाची एक गोष्ट उरते, आणि ती मुलापेक्षा पालकांकडून जास्त अपेक्षा करते.

वसतिगृहात खरोखर संकटात सापडलेली मुले कामात अनाडी होती असे मला कधी आढळले नाही. ती अडचण सांगू न शकणारी होती. बारावीपर्यंत नव्वद टक्के मिळवलेला मुलगा पहिल्या सेमिस्टरला गणितात नापास होतो, घरी "निकाल लागायचा आहे" असे सांगतो, दुसऱ्या सेमिस्टरला आणखी विषय राहतात आणि वर्षाच्या शेवटी वडील आमच्या कार्यालयात येतात तेव्हा त्यांना सगळे एकदम कळते. त्या मुलांशी बोलताना एक उत्तर वारंवार मिळे: "घरी सांगितलं असतं तर काय झालं असतं, ते मला माहीत होतं." दहावीच्या चाचणीत कमी गुण पडले तेव्हा घरात काय झाले होते, त्यावरून त्याने हा अंदाज बांधलेला असतो. तेव्हा या वर्षात एखादी परीक्षा बिघडली, पैसे हरवले, फोन फुटला, तर तुमचा पहिला प्रश्न "असं कसं झालं?" असा नसून "आता काय करायचं ठरवलंयस?" असा असू द्या. जाब नंतरही विचारता येतो. वाईट बातमी घरी आणल्यावर घर आपल्या बाजूने उभे राहते, हा अनुभव त्याने घर सोडण्यापूर्वी एक-दोनदा घेतलेला असावा.

मदत मागण्याच्या जागाही त्याला ठाऊक हव्यात. रॅगिंगविरुद्ध विद्यापीठ अनुदान आयोगाचे २००९ चे विनियम आहेत आणि १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन आहे. मन फार खचले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येते. दुसऱ्या वर्षी वसतिगृहात जागा मिळाली नाही आणि चौघांनी मिळून फ्लॅट घ्यायची वेळ आली, तर लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत रक्कम किती, ती कधी परत मिळणार, मध्येच सोडल्यास किती दिवसांची सूचना द्यायची, हे वाचल्याशिवाय सही करायची नाही. तेव्हा मसुदा तुम्हाला पाठवायला सांगा, पण दलालाशी बोलणे त्यांचे त्यांना करू द्या.

तो गेल्यानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांबद्दल एवढेच. फोनची वेळ त्याच्याशी बोलून ठरवा, दिवसातून एकदा पुरे, आणि शक्यतो फोन त्याने करावा. "जेवलास का?" हा प्रश्न रेक्टरला फोन करून विचारू नका, मला असे फोन रोज येत आणि मी खोलीवर जाऊन विचारले की मुलगा पुढचे दोन दिवस मित्रांच्या थट्टेचा विषय होई. रेक्टरचा क्रमांक मात्र जवळ ठेवा, आणि ताप तिसऱ्या दिवशीही उतरला नाही, तो दिवसभर फोन उचलत नाही, वर्गात जाणे बंद केल्याचे कानावर आले, किंवा त्याच्या बोलण्यात "काही अर्थ नाही" असा सूर वारंवार येऊ लागला, तर संकोच न करता लगेच फोन करा. शेवटच्या प्रसंगात तर फोनवर न थांबता मिळेल त्या गाडीने पुण्याला या.